डुंगरपूरचा सौर दिवा: हात झकास, पण संशोधनात नाव कुणाचं?

राजस्थानातल्या डुंगरपूरला आदिवासी बायकांनी जोडलेला हा अभ्यासाचा दिवा. तंत्र पवईच्या आयआयटी मुंबईचं. गावातच दुरुस्त होतो, हीच त्याची खरी किंमत. असल्या दिव्यांचे बिघाड ठरलेले. दिव्याची मान सारखी वाकवली की आतली वायर तुटते. मल्टिमीटरने, म्हणजे वीज मोजायच्या यंत्राने तपासा, मग सोल्डर मारा, म्हणजे वितळलेल्या धातूने वायर जोडा. पॅनल दक्षिणेला, साधारण २४ अंश तिरकं, रोज पुसलेलं हवं. चार्ज न करता महिनोन्महिने पडून राहिला तर बॅटरी गेलीच म्हणून समजा.

कोणता भाग पावसाळ्यात जातो, कोणता उन्हाळ्यात, हे दिवा दुरुस्त करणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक? तिच्या हाती नोंदवही द्या, दिव्याचा पुढचा नमुना त्यावरून आखा, आणि संशोधकांत तिचं नाव घाला. मानधनासकट!