नळाचं पाणी: केंद्रात पास, गल्लीत काठावर

आमच्या शहराच्या पाणीपुरवठ्याला मी पाचापैकी साडेतीन तारे देते. नुसत्या जलशुद्धीकरण केंद्राला द्यायचे असते तर साडेचार दिले असते. मधला एक तारा गेला तो केंद्रापासून माझ्या नळापर्यंतच्या वाटेत, आणि पाण्याचे अहवाल कपाटात कुलूप लावून ठेवायच्या सवयीपायी.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, त्यामुळे पाण्याकडे बघायची माझी खोड जरा वेगळी आहे. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये, मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने, जवळपास 120 लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं. मध्ये असतो फक्त एक पातळ पडदा. पोट, आतडं, यकृत अशी राखणच तिथे नसते. म्हणून शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आम्ही क्लोरीन काढून टाकणाऱ्या कार्बन टाकीतून निघणाऱ्या पाण्यातलं एकूण क्लोरीन बघतो. लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर मशीन लावायचं नाही, कारण क्लोरामाइनने, म्हणजे अमोनियाशी जुळलेल्या क्लोरीनने, तांबड्या पेशी फुटतात. दिवसभर कामावर क्लोरीन गेलं ना म्हणून तपासायचं आणि घरी येऊन ते आलंय ना म्हणून तपासायचं, असा माझा उद्योग. घरचे हसतात, हसू देत.

आधी चांगलं काय ते सांगते. युनिटसाठी पाण्याचा अहवाल लागतो, त्या निमित्ताने केंद्रात जाणं झालं. बाहेरून इमारतीला रंग नाही, गेट गंजलेलं, पण आतलं काम बघून मन निवलं. एका टेबलावर सहा काचेची भांडी ओळीने मांडलेली, प्रत्येकात एक फिरणारं पातं. याला जार टेस्ट म्हणतात. सहाही भांड्यांत तेच कच्चं पाणी, फक्त तुरटीचा डोस चढत्या क्रमाने. पाती आधी जोरात, मग सावकाश फिरतात आणि मग थांबतात. पहिल्या भांड्यात गढूळपणा तसाच राहतो, तिसऱ्या-चौथ्यात कापसासारखे पुंजके बनून खाली बसायला लागतात. ज्या भांड्यात पुंजके लवकर बसतात आणि वरचं पाणी नितळ दिसतं, त्याचा डोस त्या दिवशी प्लांटला लावायचा. मी गेले तेव्हा आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि ऑपरेटरने सकाळपासून दोनदा डोस बदलला होता. जो माणूस ही टेस्ट करतो आणि त्याप्रमाणे कॉक फिरवतो, त्याला गढूळ पाण्याचं गणित कळलेलं असतं. तुरटी 'नेहमीएवढी' टाकणारे प्लांटही असतात, आणि पहिल्याच मोठ्या पावसात ते उघडे पडतात.

तुरटीकडे मी बारकाईने बघते त्याला आमच्या व्यवसायाचा इतिहास कारण आहे. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम. 1970 च्या दशकात डायलिसिसच्या पेशंटना बोलता न येणं, झटके, स्मृती जाणं असा आजार व्हायला लागला आणि त्याचं मूळ पाण्यातल्या ॲल्युमिनियममध्ये निघालं. पिणाऱ्या माणसाला तेवढी भीती नाही, आतडं त्यातलं फार थोडं आत घेतं.

वाळूच्या फिल्टरनंतर मीटरवर गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत होता. हा आकडा दिसण्यापुरता नाही. गढूळपणाच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही जीव क्लोरीनला जुमानतच नाहीत, त्यांना फिल्टरनेच अडवावं लागतं. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात एका केंद्राचे फिल्टर नीट चालेनात आणि सुमारे चार लाख लोक जुलाबाने आजारी पडले. त्या पाण्यात क्लोरीन होतं! आणि आपल्या डोळ्यांना गढूळपणा साधारण 4 एनटीयूच्या पुढेच दिसतो, त्यामुळे ग्लास उजेडात धरून 'स्वच्छ आहे' म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

आता क्लोरीन. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा की क्लोरीन घातल्यावर किमान अर्धा तास पाणी मुरू द्यायचं, सामू (पीएच) 8 च्या खाली ठेवायचा, आणि त्यानंतर लिटरला किमान 0.5 मिलिग्रॅम मोकळं, म्हणजे अजून कशाशी न जुळलेलं, क्लोरीन शिल्लक हवं. ग्राहकाच्या नळाला ते 0.2 च्या खाली जाऊ नये. वरची मर्यादा 5. म्हणजे खालची आणि वरची रेघ यांत चांगलं मोकळं मैदान आहे. केंद्राच्या बाहेर पडताना आमचं पाणी या परीक्षेत आरामात पास होतं.

भानगड पुढे आहे. उंच टाकीजवळच्या गल्लीत नळीतल्या पाण्यात डीपीडीची (क्लोरीन असलं की पाणी गुलाबी करणारी) गोळी टाकली की नळी छान गुलाबी होते, 0.5 च्या आसपास. आमच्या घरी फिकट, 0.2 ला टेकलेलं. लाइनच्या शेपटाला माझी मैत्रीण राहते, तिच्याकडे गोळी विरघळते आणि पाणी पांढरंच राहतं. क्लोरीन वाटेत खर्च होतं: जुन्या लोखंडी पाइपाच्या गंजावर, आतल्या बुळबुळीत थरावर, उन्हाळ्यात उष्णतेने, आणि नुसतं पाइपात पडून राहिल्यानेही. हे कुठेही होतं. त्यावर उपाय म्हणजे लाइनच्या मध्ये पुन्हा थोडं क्लोरीन देणं आणि शेपटाचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी वेळोवेळी सोडून देणं. आमच्याकडे दोन्ही होत नाही.

मी व्हॉल्व्ह सोडायला येणाऱ्या दादांना विचारलं, की डोस थोडा वाढवता येत नाही का. ते म्हणाले, "ताई, वाढवला की टाकीजवळचे लोक वासाच्या तक्रारी करतात. साहेब म्हणतात कमी करा." काही नाकांना 0.3 लाच वास येतो, हे खरं आहे. पण टाकीजवळच्यांचं नाक सांभाळायला शेपटाच्या लोकांचं पोट पणाला लावायचं, हा कुठला न्याय? वास नको असेल तर पाणी उघड्या भांड्यात थोडा वेळ ठेवा, जातो. (आणि फार उग्र, नाकात झोंबणारा वास असेल तर तो कधी कधी क्लोरीन कमी पडल्याचाही असतो. अमोनियाशी जुळून बनलेल्या क्लोरामाइनचा तो वास. पण ती तपासणी वेगळ्या गोळीची.)

दुसरी भानगड जास्त गंभीर. पाणी चोवीस तास नसतं, सुटतं आणि बंद होतं. बंद असताना पाइपात दाब नसतो, आणि जिथे सांधा गळतो तिथून आधी पाणी बाहेर जात होतं तिथूनच मग बाहेरचं आत शिरतं. आमच्या गल्लीत पाण्याची लाइन आणि गटार हातभर अंतराने शेजारी शेजारी गेलेत. त्यात काही घरांनी सरळ लाइनला मोटर जोडली आहे. मोटर पाणी ओढते तेव्हा ती गळतीतून गटाराचंही ओढते, आणि ते फक्त मोटरवाल्याच्या टाकीत जात नाही, मधल्या सगळ्यांना वाटून जातं. पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटं म्हणूनच सगळ्यात वाईट. ते पाणी आम्ही पिण्याच्या भांड्यात धरत नाही, फरशी आणि बादल्यांना वापरतो. या एका सवयीने बराच धोका कमी होतो, पण ती सवय ग्राहकाला लावून घ्यावी लागते, यातच सेवेचे मार्क गेले.

केंद्रातल्या नोंदवहीबद्दल एक शंका मात्र मनातून जात नाही. शेपटाच्या भागाचे क्लोरीनचे आकडे मी बघितले तर ओळीने 0.2, 0.2, 0.2. आमच्या मशीनच्या वहीत असे आकडे आले तर सिस्टर पहिला प्रश्न विचारतील, मोजलं का लिहिलं? कॅनडातल्या वॉकर्टन गावाचं प्रकरण वाचलेल्या कुणालाही हेच वाटेल. मे 2000 मध्ये जोरदार पावसानंतर गुरांच्या शेणातले ई. कोलाय जंतू विहिरीत उतरले, सात माणसं गेली आणि सुमारे 2,300 आजारी पडली. गाव जेमतेम पाच हजारांचं. चौकशीत निघालं ते असं की चालवणारे क्लोरीन रोज मोजतच नव्हते, वहीत अंदाजाने आकडे भरत होते. रोज खरंच मोजलं असतं तर क्लोरीन संपल्याचं लगेच दिसलं असतं. आमच्याकडे तसंच आहे असा माझा आरोप नाही. पण निसर्गात एवढे एकसारखे आकडे येत नाहीत, एवढं मला कळतं.

घरोघरी पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला येणाऱ्यांबद्दलही दोन शब्द लिहायलाच हवेत. ते टीडीएस मीटर बुडवतात, 300-400 आकडा दाखवतात आणि चेहरा गंभीर करतात. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, तेही विजेच्या वहनावरून काढलेला अंदाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे लिटरला 600 मिलिग्रॅमपर्यंत चव चांगली मानतात, 1000 च्या पुढे पाणी पिववत नाही. कॉलराचे जंतू असलेलं पाणी त्या मीटरवर 80 दाखवेल आणि विक्रेता 'एकदम शुद्ध' म्हणेल. आरओ वाईट नाही, आमचं सगळं काम त्यावरच चालतं. पण त्यातून निघालेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, म्हणजे त्याची साठवण टाकी आणि तोटी तुम्हालाच स्वच्छ ठेवायची आहे. पाण्यात लिटरला फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅमच्या वर, नायट्रेट 50 मिलिग्रॅमच्या वर किंवा आर्सेनिक असेल तर आरओ घ्याच. नसेल तर शंका आली त्या दिवशी पाणी खळखळून उकळणं पुरतं. मात्र उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून थोडं वाढतं. बाटलीचं दूध पिणारं तान्हं बाळ घरात असेल तर हे लक्षात ठेवा.

गच्चीवरच्या टाक्यांचं तर विचारू नका. शेजारच्या काकांनी पालिकेला पत्र लिहिलं की पाण्यात अळ्या येतात. त्यांच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडून कधीचं खाली पडलं होतं. सेवेचे तारे कापताना मी हे धरलेलं नाही.

नमुना घेण्याच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. जंतू तपासायचे तर बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात आधीच चिमूटभर सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर पाण्यातलं क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासातही जंतू मारत राहतं आणि अहवाल फुकट चांगला येतो. नळाचं तोंड पुसून, जाळ दाखवून, पाणी थोडं वाहू देऊन मग बाटली भरायची, वरती जरा जागा ठेवायची, बर्फात घालायची आणि 24 तासांच्या आत तपासायला लावायची. आमच्या गल्लीत आलेल्या माणसाने खिशातून पाण्याची रिकामी बाटली काढली, विसळली आणि भरली. त्या नमुन्याचा अहवाल 'पिण्यास योग्य' आला, आणि तो मागून घ्यायला मला लेखी अर्ज करावा लागला. फलकावर महिन्याचे आकडे लावायला कुणाचं काय जातं?

अहवाल मागायचाच असेल तर नेमका मागा. 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय सापडले का (एकही चालत नाही), नमुना कुठल्या नळाचा, त्याच वेळी तिथे मोकळं क्लोरीन किती होतं, गढूळपणा किती. घरातले पाइप किंवा जोडण्या शिशाच्या असतील तर शिसंही, आणि त्यासाठी मात्र नळ वाहू न देता सकाळचं पहिलं पाणी धरा, कारण रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यातच ते उतरतं. मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम.

तक्रार करताना 'पाणी खराब येतं' एवढंच लिहू नका. पाणी कधी सुटलं, कितव्या मिनिटापर्यंत गढूळ होतं, वास गटाराचा की मातीचा, शेजारच्या नळालाही तसंच आहे का, घरात कुणाला जुलाब झालेत का, हे लिहा आणि खाली तीन-चार घरांच्या सह्या घ्या. मी फोनवर केलेली तक्रार त्यांच्या यादीत दोनच दिवसांत 'निकाली' दिसत होती, कुणी फिरकलंही नव्हतं. सह्यांचं पत्र आवक शिक्का मारून दिलं तेव्हा खोदायला माणसं आली. गटाराच्या कडेचा सांधा निघाला, त्याला क्लॅम्प बसला. तेवढाच पाइप दुरुस्त झालाय. त्याच्या पुढचा सगळा जुनाच, आणि तो बदलायचं अंदाजपत्रक मंजुरीला गेलंय असं सांगतात.