आठ महिने लिबरऑफिस रायटर: पट्टी, टॅब आणि वाया गेलेला पाचशेचा स्टॅम्प

सातारच्या कोर्टाजवळ माझं टायपिंगचं टेबल आहे. मराठी ३० आणि मराठी ४० (मिनिटाला तेवढे शब्द) या टायपिंगच्या दोन्ही परीक्षा मॅन्युअल मशीनवर दिल्या, आणि पुढची सव्वीस वर्षं गोदरेजच्या एकाच मशीनवर अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, संमतीपत्रं बडवत आले. मशीन अजून चालतं. पण रिबन हवी तर पुण्याला जाणारं कुणीतरी गाठायचं, आणि वकीलसाहेबांना आता कागदाआधी पीडीएफ हवी असते. शेवटी मुलानं त्याचा जुना कॉम्प्युटर टेबलावर आणून ठेवला आणि त्यात लिबरऑफिस टाकून दिलं. फुकट आहे आणि चोरीचं नाही, एवढं मला पुरे होतं. (कोर्टाच्या दारात बसून चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचं म्हणजे जरा जास्तच.)

२०१० साली ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं हे सॉफ्टवेअर, त्यातला लिहायचा भाग म्हणजे रायटर. आठ महिने झाले. रोज दहाबारा कागद तरी त्यावर होतात, तेव्हा आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

पहिल्या दिवशी पडदा बघून छाती दडपली होती. वर नावाची पट्टी, तिच्याखाली मेनू, त्याखाली बारीक चित्रांच्या दोन रांगा. पूर्वी एका क्लासला महिनाभर गेले होते, तिथं या चित्रांचीच ओळख करून दिली होती. हे कात्रीचं, हे फ्लॉपीचं, हे ठळक करायचं. वहीत चित्रं काढून पाठ केली होती. आज विचाराल तर त्या दोन रांगांतली सातआठ चित्रंच माझ्या वापरात आहेत. ज्यानं काम खरोखर सुधारलं ते त्या रांगांत नव्हतंच. ते होतं पानाच्या डोक्यावरच्या मोजपट्टीत आणि पडद्याच्या अगदी तळाच्या ओळीत, आणि त्या दोन्हींबद्दल क्लासमध्ये कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मोजपट्टी म्हणजे रूलर. टाइपरायटरवर हात बसलेल्या माणसाला ही पट्टी ओळखीची वाटायला हवी, पण मला ते कळायला तीन आठवडे लागले. मशीनवर डावा-उजवा समास ठरवायला मागच्या बाजूला दोन खिट्टे असतात. इथं पट्टीचा करडा भाग संपून पांढरा सुरू होतो तिथं तो खिट्टा. माऊसनं धरून सरकवायचा. डाव्या टोकाला दोन त्रिकोण आहेत: वरचा परिच्छेदाची पहिली ओळ सरकवतो, खालचा सगळा परिच्छेद. यात एक खोच आहे. खालचा त्रिकोण ओढला की वरचाही त्याच्याबरोबर निघतो. पहिली ओळ जागेवर ठेवून बाकीच्या ओळीच आत न्यायच्या असतील, म्हणजे आपण कलमांना करतो तसं, तर कंट्रोल दाबून ओढायचं. हे कळेपर्यंत मी दोन्ही त्रिकोणांशी रोज भांडत होते. एकदा तर पट्टीच गायब झाली. कुठलं बटण दाबलं गेलं देव जाणे. मेनूत 'व्ह्यू' खाली 'रूलर्स' सापडलं तेव्हा जिवात जीव आला.

टॅबचंही तसंच. मशीनवर टॅब लावायची कळ होती, पण खरं सांगते, मी स्पेसबारच ठोकायची. 'लिहून देणार' उजवीकडे आणि 'साक्षीदार' डावीकडे आणायचं तर स्पेस मोजायच्या. मशीनवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, त्यामुळे हिशेब जमायचा. कॉम्प्युटरवर तो जमत नाही, कारण तिथं 'र' अरुंद आणि 'क्ष' रुंद. पडद्यावर सरळ दिसलेल्या सह्या कागदावर दारू प्यायल्यासारख्या तिरक्या यायच्या. पट्टीवर जिथं हवं तिथं क्लिक केलं की टॅबची खूण बसते, नको झाली तर ओढून पट्टीबाहेर टाकायची. पट्टीच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करत गेलं की डावा, उजवा, मधला असे टॅबचे प्रकार बदलतात. सह्यांसाठी मी आता मधला टॅब लावते. नाव लांब असो की आखूड, बरोबर त्याच रेषेवर बसतं.

सगळ्यात उपयोगाचं बटण विचाराल तर कंट्रोल आणि एफ १०. ते दाबलं की मजकुरातल्या न दिसणाऱ्या खुणा दिसायला लागतात: प्रत्येक स्पेसला टिंब, प्रत्येक एंटरला उलट्या 'पी'सारखं चिन्ह. मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा स्वतःचं अर्धनागडं काम बघून लाज वाटली. प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर! घंटा वाजली की कॅरेज ढकलायचं, ही सव्वीस वर्षांची सवय. इथं घंटा नव्हती तरी हात जात होता. त्यामुळे मध्ये एक शब्द घातला की पुढची सगळी ओळ फुटायची आणि मी सॉफ्टवेअरला शिव्या घालायची. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. वाक्य सोपं आहे, हाताला पटायला दोन महिने गेले.

आता पाचशेच्या स्टॅम्पची गोष्ट. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे शंभर-दोनशेऐवजी किमान पाचशेचा स्टॅम्प लागायला लागला, तेव्हा चूक महागात पडते. स्टॅम्पपेपरचा वरचा भाग छापील असतो, मजकूर त्याच्या खाली सुरू करायचा. मशीनवर रूळ फिरवून कागद वर घ्यायचा, संपलं. रायटरमध्ये मी तेच केलं: पंधरावीस वेळा एंटर मारून खाली आले आणि लिहायला लागले. मजकूर दोन ओळींनी दुसऱ्या पानावर जात होता, म्हणून सगळं निवडून ओळींमधलं अंतर दीडवरून एक केलं. पडद्यावर छान बसलं. छापलं तर पहिल्या तीन ओळी थेट मुद्रांकाच्या चित्रावर. वरच्या रिकाम्या ओळीही ओळीच ना, त्यांचंही अंतर कमी झालं आणि सगळा मजकूर वर चढला. पक्षकार गरीब होता, पाचशे रुपये मी भरले.

त्या रात्री मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, जागा एंटरनं सोडायचीच नाही, पानालाच सांगायचं." पडद्याच्या तळाला जी ओळ असते, तिच्यात चालू पानाच्या शैलीचं, म्हणजे कागद आणि समास ठरवणाऱ्या साच्याचं, नाव दिसतं. त्यावर उजवं क्लिक केलं की यादी येते, तिच्यातून 'फर्स्ट पेज' निवडायचं. त्याच नावावर डबल क्लिक केलं की पानाची खिडकी उघडते. तिथं कागद लीगल, म्हणजे २१.५९ बाय ३५.५६ सेंटीमीटर, आणि वरचा समास स्टॅम्पवर फूटपट्टी धरून मोजलेला. पहिलं पान भरलं की दुसरं आपोआप साध्या शैलीचं येतं, साध्या समासाचं. तीच फाइल कोरी ठेवून मी नमुना म्हणून वापरते. त्यानंतर एकही स्टॅम्प वाया गेलेला नाही. कोऱ्या कागदावर आधी छापून, तो स्टॅम्पमागे धरून खिडकीच्या उजेडात बघायची सवय मात्र ठेवली आहे.

तळाच्या त्या ओळीकडे मी आता गाडीच्या काट्यांकडे बघावं तशी बघते. डावीकडे कितवं पान, किती शब्द. मध्ये भाषा. सुरुवातीला माझा अख्खा मराठी मजकूर लाल नागमोडी रेघांनी भरून जायचा, 'आहे' सुद्धा चूक! तळाला बघितलं तर भाषा हिंदी लागलेली. ती मराठी केली, रेघा गेल्या. तिथंच कधीकधी 'ओव्हरराइट' असं उमटतं आणि कर्सर ठोकळ्यासारखा जाड होतो. म्हणजे इन्सर्टच्या बटणाला धक्का लागला. अशा वेळी नवीन शब्द लिहिला की पुढचा खाल्ला जातो. एका वाटणीपत्रात चतुःसीमेतली दक्षिण दिशा अशीच गेली होती, नशीब वाचताना सापडली. आणि फाइल जतन केली आहे की नाही ते सांगणारी छोटी खूणही तिथंच. लाईट गेली तर रायटर वाचलेला मजकूर परत आणून देतं, पण मुळात ते दर दहा मिनिटांनीच टिपून ठेवतं, आणि दहा मिनिटांत मी दीड पान लिहिते. म्हणून दर परिच्छेदाला कंट्रोल-एस.

शोधून बदलण्याची सोय, कंट्रोल-एच, म्हणजे जादू आहे आणि जादूसारखीच अंगलट येते. परळी खोऱ्यातल्या एका पक्षकाराचं नाव मी 'राम' टाइप केलं होतं, आधारवर निघालं 'रामचंद्र'. एका फटक्यात सगळीकडे बदललं, ऐटीत प्रिंट हातात दिली. तो बराच वेळ वाचत राहिला, मग म्हणाला, "ताई, ही ग्रामचंद्रपंचायत कुठनं आली वो आमच्यात?" ग्राममध्येही राम असतो हे त्या दिवशी कळलं. 'होल वर्ड्स ओन्ली' या चौकोनात खूण केली की असं होत नाही, पण मग 'रामचा', 'रामला' तसेच राहतात, ते डोळ्यांनीच शोधावे लागतात.

तक्रारी आहेत. फॉन्टचं प्रकरण मला अजून पूर्ण पचलेलं नाही. रायटर इंग्रजीसाठी एक आणि देवनागरीसाठी दुसरा असे दोन फॉन्ट वेगवेगळे धरतं, आकारही वेगळा. मराठी १४ केलं तरी मधला गट नंबर इंग्रजी आकड्यांत असेल तर तो १२ वरच राहतो. कर्सर कुठं आहे त्याप्रमाणे वरच्या पेटीतलं नाव बदलतं, हे लक्षात यायला वेळ गेला. दुसरं, वकिलांकडे वर्ड असतं. डॉक्स, म्हणजे वर्डची फाइल, करून पाठवलं आणि माझा फॉन्ट त्यांच्याकडे नसला की चार पानांचा दावा साडेचार पानांचा होतो. अंतिम झालेलं मी पीडीएफच पाठवते, वरच्या रांगेत त्याचं सरळ बटण आहे (माझ्या सातआठांपैकी एक).

मेनू मराठीत करता येतात. मी पंधरा दिवस करून बघितले. पण मुलगा फोनवर म्हणायचा 'व्ह्यूमध्ये जा', आणि माझ्या पडद्यावर व्ह्यू नावाचं काही नसायचं. शेवटी परत इंग्रजी केलं. कळफलकाचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट शिकले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, हे पटकन बसलं. ह्रस्व वेलांटीनं मात्र रडवलं. मशीनवर वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, इथं अक्षर आधी. अजूनही घाईत 'विरुद्ध' लिहिताना बोट आधी वेलांटीवर जातं.

गोदरेजचं मशीन टेबलाच्या बाजूला झाकून ठेवलंय. छापील फॉर्म आले, टिंबांच्या रेषांवर नाव-गाव भरायचं असलं, की झाकण निघतं. रेषेवर अचूक अक्षर बसवणं मला रायटरमध्ये अजून जमत नाही, आणि मशीनवर ते दोन मिनिटांचं काम आहे. परवा एका ज्युनिअर वकीलबाईंनी त्याचा व्हिडिओ काढला. घंटा वाजल्यावर दचकल्या.