सागासाठी घेतलेले गांडूळ खत आणि गांडुळे : दोन वर्षांचा अनुभव

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात आमची दीड एकर सागाची लागवड आहे. तिच्यासाठी गेली दोन वर्षे मी तालुक्यातीलच एका उत्पादकाकडून गांडूळ खत घेत आहे. ५० किलोची गोणी ५०० रुपयांना मिळते. खत केळीची खोडे आणि शेण यांपासून केलेले असल्यामुळे त्यात पालाश (पोटॅश) चांगले असते. पहिल्या वर्षीचा माल चहाच्या भुकटीसारखा कणीदार, काळपट आणि पावसाने भिजलेल्या मातीच्या वासाचा होता. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आलेल्या काही गोण्या मात्र इतक्या ओल्या होत्या, की मूठ आवळताच पाणी टपकत असे. शासनाच्या मानकानुसार गांडूळ खतात १५ ते २५ टक्के ओलावा असावा. वजनावर माल घेणाऱ्याने हे गोणी उघडूनच पाहावे, नाहीतर खताच्या भावाने पाणी विकत घेतल्यासारखे होते. तक्रार केल्यावर उत्पादकाने गोण्या बदलून दिल्या, हे नमूद केले पाहिजे.

माझी खरी हरकत गांडुळांविषयी आहे. विक्रेत्याच्या सल्ल्यावरून मी ८०० रुपयांची दोन किलो गांडुळे घेऊन झाडांच्या ओळींत सोडली, आणि पुढच्या पावसाळ्यात शोधूनही त्यांतले एक दिसले नाही. ती आयसेनिया फेटिडा जातीची होती. ही जात शेणात आणि कुजत्या काडीकचऱ्यात वाढते, घट्ट काळ्या जमिनीत खोल बीळ करत नाही, आणि पस्तीस अंशांपुढे तग धरणे तिला अवघड जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, तेव्हा उघड्या रानात ती टिकणार कशी? खताच्या वाफ्यात, सावलीत आणि ओल्या गोणपाटाखाली तीच उत्तम काम करते.

रानातली गांडुळे वेगळी. लॅम्पिटो मॉरिशीसारख्या आपल्या जाती उन्हाळ्यात खाली ओलाव्याकडे जातात आणि पाऊस पडल्यावर वर येऊन पाला मातीत मिसळतात. त्यांच्या बिळांतून पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचते, आणि त्यांच्या विष्ठेत नत्र (नायट्रोजन) व स्फुरद (फॉस्फरस) भोवतालच्या मातीपेक्षा झाडाला सहज घेता येईल अशा रूपात असतात. सागाचे पान राठ असते. बुरशीने ते मऊ केल्यावरच गांडुळे त्याला तोंड लावतात, म्हणून पाला जमिनीवर काही महिने पडून राहणे आवश्यक असते. आपल्याकडे तो फाल्गुनात झाडून पेटवून देतात, याचे मला फार वाईट वाटते. गेल्या वर्षी मी अर्ध्या रानातला पाला तसाच ठेवला आणि वणव्याच्या भीतीने बांधालगत सहा फुटांचा पट्टा साफ केला. श्रावणात त्या भागात विष्ठेच्या बारीक ढिगाऱ्या जागोजागी दिसत होत्या. जाळलेल्या भागात त्या तुरळक होत्या.

नव्या रोपांच्या खड्ड्यात दोन-तीन किलो घालण्यासाठी हे खत निश्चित घ्यावे. यंदाही मी बारा गोण्या सांगितल्या आहेत. गांडुळांचे पैसे मात्र बांधालगतचा पट्टा साफ करणाऱ्या मजुरीला ठेवले आहेत.