‘सर्व्हायव्हर’: मुद्दाम हरायचं असेल तर आधी माणसं मोजा

मुद्दाम हरण्याचा डाव नीट समजून घ्यायचा असेल, तर अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीचा ‘सर्व्हायव्हर’ हा शो पाहावा. २००० पासून चाललेल्या या शोमध्ये दहा लाख डॉलरच्या बक्षिसासाठी माणसं जाणूनबुजून टास्क सोडतात, म्हणजे मुद्दाम हरतात, आणि त्याचा परिणाम पुढच्या पाच-सहा भागांत उघड दिसतो. पण सगळे सीझन या कामाचे नाहीत. त्यातले पाच पुरेत.

खेळाचं गणित असं. सुरुवातीला टोळ्या असतात. इम्युनिटी टास्क हरलेल्या टोळीला मतदान करून आपल्यातला एक माणूस घालवावा लागतो. पुढे टोळ्या एकत्र होतात, म्हणजे मर्ज होतो, आणि तिथे ज्या बाजूची डोकी जास्त तिची सरशी होते. नको असलेला माणूस काढायला टास्क सोडणं म्हणूनच वाटतं तितकं स्वस्त पडत नाही. आपला एक जातो आणि समोरच्यांचा जो गेला असता तो राहतो. एका हारीत फरक दोनाने पडतो. हा दुसरा आकडा जवळजवळ प्रत्येक टोळी विसरते.

२०११ च्या ‘रिडेम्प्शन आयलंड’मध्ये हे अगदी स्वच्छ दिसतं. झापाटेरा टोळीत नऊच्या नऊ जण शाबूत होते, ओमेटेपेकडे सात उरले होते. झापाटेराने रसेल हँट्झला घालवण्यासाठी टास्क सोडला. जिंकले असते तर नऊ विरुद्ध सहा झालं असतं, झालं आठ विरुद्ध सात. रसेल गेला, पण त्याच्या बाजूच्या दोघी मागे राहिल्या आणि टोळी आतून दुभंगलेलीच राहिली. मर्जला पोचताना ओमेटेपे सहा, झापाटेरा पाच. मग झापाटेराचे पाचही जण ओळीने गेले आणि ओमेटेपेचा रॉब मारियानो ज्युरीची, म्हणजे विजेता निवडणाऱ्या बाद स्पर्धकांची, नऊपैकी आठ मतं घेऊन जिंकला. एक डोकं कमी पडलं, आणि ते कुठे गेलं हे शोधायला लांब जावं लागत नाही. सीझन म्हणून मात्र हा एकसुरी आहे. कॅमेरा सतत रॉबच्या मागे असतो, त्यामुळे झापाटेराची आतली चर्चा हवी तितकी ऐकायला मिळत नाही.

‘पर्ल आयलंड्स’ (२००३) हा पाचांतला सर्वांत चांगला. ड्रेक टोळी आठ विरुद्ध पाच अशी पुढे होती. बर्टन रॉबर्ट्सने हरायची कल्पना उचलून धरली, टोळी हरली आणि मतदानात बर्टनच गेला. हरणं ठरलं होतं, पण नाव पक्कं झालं नव्हतं. ड्रेक त्यानंतरचे दोन टास्कही हरली आणि गाडी पाच-पाचवर आली. जिंकायची सवय एकदा मोडली की पुन्हा लागायला वेळ लागतो, आणि पुढचा टास्क तुमच्या सोयीचा येईलच असं नाही. बर्टन नंतर ‘आउटकास्ट्स’च्या वळणामुळे, म्हणजे बाद झालेल्यांना मिळालेल्या परतीच्या संधीमुळे, परत आला. त्यावर कुणी हिशेब मांडू नये, असं दार रोज उघडत नाही.

२००७ च्या ‘चायना’त झान हू टोळीने टोळ्यांतल्या माणसांच्या अदलाबदलीनंतर समोरच्या फेई लाँग टोळीतून आलेल्या आरनला असंच हरून काढलं. तरी शेवटचे चौघे मूळच्या फेई लाँग टोळीचेच निघाले. ‘वन वर्ल्ड’ (२०१२) तर विचित्रच आहे. पुरुषांच्या मानोनो टोळीने इम्युनिटी जिंकली, ती बायकांच्या टोळीला देऊन टाकली आणि स्वतः मतदानाला जाऊन बिलला काढलं. अंतिम तिघी बायका होत्या. हा भाग अभ्यासासाठी जरूर पाहा, पण यात डावपेच कमी आणि हट्ट जास्त आहे.

आता टास्क सोडतात कसा, तर सोपी जागा म्हणजे शेवटचं कोडं. तिथे दोघंतिघंच काम करतात. एक तुकडा उलटा बसवून पुढचे त्याच्यावर रचत जायचे, म्हणजे चूक कळेपर्यंत निम्मं कोडं उचकटावं लागतं. बाहेरून ती साधी गफलत दिसते. धावताना रेंगाळणं किंवा गाठी सोडवताना उगीच वेळ काढणं लगेच नजरेत भरतं, कारण शेजारचा माणूस घाम गाळत असतो. त्याला संशय आला की तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. त्यापेक्षा मोठी चूक म्हणजे मतं न मोजता हरणं. आठ जणांच्या टोळीत पाच मतं पक्की हवीत. चार-चार झाले तर फेरमतदान, तरीही कोंडी सुटली नाही तर पिशवीतून चिठ्ठीसारखे दगड काढून नशिबाने निकाल लावण्याची पाळी येऊ शकते. त्यात ज्यांच्या नावावर मतं पडली ते दोघं सुटतात आणि एरवी बिनधास्त असलेला तिसराच घरी जातो. २००५ च्या ‘ग्वाटेमाला’पासून लपवलेलं इम्युनिटी आयडॉलही खेळात आहे. सावजाने ते वेळेवर काढलं तर त्याच्यावरची सगळी मतं बाद होतात आणि तुम्ही स्वतःच्याच खड्ड्यात पडता. म्हणून मतं दोन नावांत विभागता येतील एवढं बळ असल्याशिवाय हा डाव टाकू नये.

एक गोष्ट नीट वेगळी ठेवायला हवी. स्पर्धकाने आपल्या फायद्यासाठी हरणं हा खेळाचा भाग आहे. १९५६ मध्ये ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत हर्ब स्टेम्पेलला निर्मात्यांनी चुकीचं उत्तर द्यायला लावलं, ती प्रेक्षकांची फसवणूक होती. त्या प्रकरणानंतर १९६० मध्ये अमेरिकेत कायदा झाला. लाच देऊन किंवा धाकदपटशाने स्पर्धकाला आपलं ज्ञान वा कौशल्य वापरू न देणं, तेही प्रेक्षकांना फसवण्यासाठी, हा गुन्हा ठरला. ‘सर्व्हायव्हर’मध्ये बक्षीस वाटून घ्यायचा करारही चालत नाही. ‘तू हर, अर्धे तुला देतो’ हा मार्ग बंद आहे.

मग हा डाव कधी साधतो? त्यासाठी पहिलाच सीझन, ‘बोर्नियो’, शेवटी पाहा. उरलेले तिघं ओंडक्यावर उभे आहेत आणि प्रत्येकाचा एक हात मधल्या मूर्तीवर टेकलेला. जिंकणाऱ्याने उरलेल्या दोघांतल्या एकाला काढायचं आणि दुसऱ्याला घेऊन अंतिम फेरीत जायचं. रूडीचा साथीदार रिचर्ड हॅच आपणहून खाली उतरतो. जिंकला असता तर त्याला रूडीला घेऊन अंतिम फेरीत जावं लागलं असतं, म्हणजे बहुधा हार. नाहीतर रूडीला दगा देऊन त्याचं ज्युरीतलं मत गमवावं लागलं असतं. केली किंवा रूडी, दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी आपल्यालाच सोबत नेणार हे त्याने ओळखलं होतं. थोड्या वेळाने जागा बदलताना रूडीचा हात सुटतो. केलीने रूडीला काढलं, रिचर्डचे हात स्वच्छ राहिले आणि अंतिम मतदान चार विरुद्ध तीन असं झालं. त्या चारांत रूडीचं मत होतं.