ब्रश चांगले, रंगपत्रिका फसवी: रोजच्या मेकअपच्या एका संचाचे परीक्षण

गेले पाच महिने रोज सकाळी वापरत असलेल्या मेकअपच्या एका संचाविषयी लिहायला मी मुद्दामच उशीर केला. अशा संचाचे पहिल्या आठवड्यातले रूप आणि पुष्कळदा धुऊन निघाल्यानंतरचे रूप यांत बरेच अंतर पडते, आणि खरे गुणदोष त्या दुसऱ्या रूपातच कळतात. डब्यात पाच ब्रश, अंड्याच्या आकाराचा एक स्पंज, पापण्या वळवायचा कर्लर, भुवयांसाठी प्लकर, नऊ छटांचे आयशॅडो पॅलेट, दोन ब्लश, तीन लिपस्टिक आणि छटा निवडण्यासाठी एक गुळगुळीत रंगपत्रिका असा ऐवज आहे. फाउंडेशन त्यात नसते. पत्रिकेवरून आपला क्रमांक ठरवायचा आणि ते वेगळे मागवायचे, अशी व्यवस्था आहे. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण यातील बहुतेक उणिवा या एकाच डब्याच्या नाहीत. नवशिक्यांसाठी निघणारे जे इतर संच मी हाताळले, त्यांतही त्या थोड्याफार फरकाने होत्याच. मी या व्यवसायातली नाही. कामावर निघण्यापूर्वी आरशासमोर जेमतेम दहा मिनिटे मिळतात, आणि त्या दहा मिनिटांत हा संच काय देतो, एवढ्याच मापाने मी तो मोजला आहे.

सर्वांत मोठी निराशा रंगपत्रिकेने केली, म्हणून आधी तिच्याविषयी. मनगटावरच्या शिरा हिरवट दिसत असतील तर त्वचेचा अंडरटोन उष्ण, निळसर-जांभळ्या दिसत असतील तर शीत, आणि ठरवता येत नसेल तर मधला, असा तिचा सरळसोट हिशेब आहे. अंडरटोन म्हणजे त्वचेच्या रंगातली मूळ झाक. माझ्या मनगटावरच्या त्याच शिरा दिव्याखाली हिरवट आणि खिडकीशी निळ्या दिसल्या. यात नवल काही नाही. शिरेतले रक्त गडद लालच असते. त्वचा किती जाड आहे, शीर किती खोल आहे, त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य किती आहे आणि वरून पडणारा प्रकाश कसला आहे, यांवर तिचा दिसणारा रंग ठरतो. ज्यांची त्वचा सावळी किंवा काळी आहे, त्यांच्यापैकी अनेकांना तर शिरा धड दिसतही नाहीत. तरीही पत्रिकेवर विश्वास ठेवून मी ‘शीत’ रांगेतला क्रमांक मागवला. चेहरा गुलाबी आणि मान पिवळसर गव्हाळ, असा जो काही प्रकार झाला, तो पाहून कुणा दुसरीचेच डोके माझ्या मानेवर बसवल्यासारखे वाटले.

दुसऱ्या वेळी मी पत्रिका बाजूला ठेवली आणि लगतच्या तीन छटांचे नमुने आणून जबड्याच्या कडेवर, गालाकडून मानेकडे उतरत जाणाऱ्या तीन बारीक रेघा ओढल्या. तळहाताच्या मागच्या बाजूला रंग पाहण्याची सवय फार पसरलेली आहे, पण हातावर ऊन वेगळे पडते आणि त्याचा रंग चेहऱ्याशी क्वचितच जुळतो. फाउंडेशनला ज्या दोन भागांची गाठ घालायची असते ते म्हणजे गाल आणि मान, त्यामुळे परीक्षाही तिथेच व्हायला हवी. रेघा ओढल्यावर खिडकीपाशी, पण थेट उन्हात न जाता उभे राहायचे आणि सुमारे पंधरा मिनिटे थांबायचे. हे थांबणे चुकवू नये. त्वचेवरच्या तेलात मिसळून, पातळ भाग उडून गेल्यावर बऱ्याच फाउंडेशनचा रंग थोडा गडद होतो. माझ्या बाबतीत लावताक्षणी जी रेघ अचूक वाटत होती ती पंधरा मिनिटांनी नारिंगी दिसू लागली, आणि जी किंचित फिकट वाटत होती ती शोधूनही सापडेना. जी रेघ हरवते ती आपली छटा.

खिडकीचा आग्रह धरण्याचे कारणही आहे. घरातल्या पिवळसर दिव्याचा रंग साधारण २७०० केल्विनच्या आसपास असतो आणि दिवसाउजेडाचा सर्वसाधारणपणे ५००० ते ६५०० केल्विनच्या दरम्यान; आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर. पहिल्यात गुलाबी छटाही उबदार आणि साजरी दिसते, आणि तिचे खरे रूप दारातून बाहेर पडल्यावर उघडे पडते. दिव्याखालीच तयार होणे भाग असेल, तर ज्याच्या खोक्यावर रंग दाखवण्याचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० किंवा त्याहून अधिक लिहिलेला आहे असा दिवा आरशाशी लावावा. या डब्यात आरसा दिला नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खिडकीत नेता येईल असा हातात मावणारा आरसा प्रत्येक घरात असतो.

अंडरटोन ही काही गूढ गोष्ट नाही, हे घटकांची यादी वाचल्यावर माझ्या ध्यानात आले. बहुतेक फाउंडेशनचा रंग चार पदार्थांवर उभा असतो: पिवळे, लाल आणि काळे लोहऑक्साइड, आणि पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड. यादीत ती अनुक्रमे सीआय, म्हणजे कलर इंडेक्स, ७७४९२, ७७४९१, ७७४९९ आणि ७७८९१ या क्रमांकांनी येतात. पिवळे वाढले की छटा उष्ण होते, लाल वाढले की गुलाबी होते, आणि गडद छटेत पांढऱ्याचे प्रमाण अधिक झाले की चेहऱ्यावर राख फासल्यासारखी झाक येते. यादीवरून प्रमाण कळत नाही, तेवढ्यासाठी डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. या उत्पादकाच्या बारा क्रमांकांपैकी सात उजळ रंगाच्या टोकाला दाटीवाटीने बसवले आहेत आणि शेवटच्या दोन गडद छटांमध्ये मात्र इतके अंतर आहे की त्यांच्या मधोमध ज्यांची त्वचा येते त्यांनी करायचे काय, हा प्रश्नच आहे. हिरवट झाक असलेल्या, ज्याला ऑलिव्ह म्हणतात त्या त्वचेसाठी तर एकही छटा नाही. त्वचेचा उजळपणा आणि तिची झाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोरी त्वचा उष्ण असू शकते आणि काळी त्वचा शीत, हे पत्रिका बनवणाऱ्यांनी लक्षात घेतलेले दिसत नाही.

डब्यातल्या दोन ब्लशपैकी एक फिकट पीच आहे आणि एक गुलाबाचा. जिना भराभर चढून आल्यावर गालांवर जो रंग येतो, त्याच्या जवळचा ब्लश घ्यावा, हा ठोकताळा मला अजून चुकलेला आढळला नाही. त्या कसोटीला गुलाबाचा रंग उतरतो. फिकट पीच माझ्या गालावर खडूची पूड सांडल्यासारखा दिसतो आणि माझ्याहून गडद त्वचेवर तो आणखीच भुरकट दिसेल. अशा त्वचेला विटकरी किंवा गर्द जांभळट लाल रंग खुलतो, पण तसा ब्लश येथे नाही. तीन लिपस्टिकपैकी न्यूड म्हणून दिलेली ओठांच्या नैसर्गिक रंगाहून फिकट आहे, आणि ती लावल्यावर मला दिवसभरात दोघांनी बरे नाही का, असे विचारले. न्यूड छटा आपल्या ओठांहून किंचित गडद असली तरच ओठ ओठांसारखे दिसतात. लाल लिपस्टिक मात्र चांगली निवडली आहे: निळ्याकडे झुकणारा लाल असल्याने दात पांढरे भासतात, नारिंगीकडे झुकणारा असता तर दातांचा पिवळेपणा उठून दिसला असता. लिपस्टिकचा रंग तपासताना तो मनगटावर लावण्यापेक्षा बोटाच्या पेरावर लावून पाहावा, कारण पेराची लाली ओठांच्या अधिक जवळ जाते. आणि दुकानातला नमुना थेट ओठांना तर कधीच लावू नये.

पॅलेटमधल्या नऊ छटांपैकी चारच माझ्या वापरात आहेत, तरी त्यात पैसे वाया गेले असे वाटत नाही, आणि त्याचे श्रेय एका गडद निळ्या छटेला द्यावे लागेल. चित्रपडदे विणणाऱ्या एका फ्रेंच कारखान्यात काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, तेव्हा शव्हरल या रसायनशास्त्रज्ञाला दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे असे आढळले, आणि शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना बदलतात हा नियम त्याने १८३९ साली मांडला. नारिंगी आणि निळा हे एकमेकांचे विरुद्ध रंग, म्हणून शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात, आणि तपकिरी म्हणजे मुळात गडद नारिंगीच. त्यामुळे पापणीच्या कडेला निळ्याची बारीक रेघ दिली की तपकिरी डोळे अधिक गहिरे दिसतात. डोळ्यांखालच्या निळसर काळेपणावर नुसता उजळ कन्सीलर लावला तर तो भाग राखाडी दिसतो, तोच आधी पीच किंवा नारिंगी रंगाने झाकला तर निळेपणा मारला जातो, यामागेही रंगांचे हेच नाते आहे. असा एखादा नारिंगी करेक्टर या डब्यात असायला हवा होता. त्याऐवजी तीन चमकदार आयशॅडो कमी दिले असते तरी चालले असते. अभ्रकाची चमक पापणीच्या सुरकुत्यांत जाऊन बसते आणि त्या ठळक करते, त्यामुळे रोजच्यासाठी मॅटच बरे.

आता ब्रश. या संचाचे खरे मोल इथेच आहे. पाचही ब्रश कृत्रिम तंतूंचे आहेत. प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात, त्यांत पावडर छान धरली जाते पण द्रव शोषला जातो; कृत्रिम तंतू गुळगुळीत असल्याने द्रव पदार्थ वाया जात नाहीत आणि धुणेही सोपे पडते. हातात आल्यावर पहिल्या दिवशी मी ब्लशचा ब्रश तळहातावर दाबून वीस वेळा गोल फिरवला, तेव्हा तीन तंतू गळले. पहिल्या धुण्यात पाच गळले, आणि त्यानंतर पाच महिन्यांत एकही नाही. टोके कापलेली नसून निमुळती आहेत, त्यामुळे डोळ्यांखालीही टोचत नाहीत. त्यातला मिसळण्याचा ब्रश, म्हणजे पापणीवर रंगाची कड विरवण्यासाठी असतो तो, मला पहिले दोन आठवडे निकामी वाटत होता, कारण मी तो पेन्सिलीसारखा धातूच्या पट्टीपाशी धरत होते आणि पापणीवर नुसता डाग उमटत होता. दांड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला दोन बोटांनी धरून, स्वतःच्या वजनाने फिरू दिला, तेव्हा तोच रंग भुवईकडे जाता जाता धुरासारखा विरत गेला. वापरापूर्वी जादा पावडर झटकून टाकणे एवढेच पथ्य. भुवयांचा तिरका ब्रश तर या डब्यातला सर्वांत उत्तम: पाण्यात बुडवून आयशॅडोत टेकवला की लायनरचे काम होते, आणि वेगळ्या लायनरची गरज उरत नाही.

फाउंडेशनचा चपटा ब्रश मला जमला नाही. तो रेघा मागे ठेवतो. त्यापेक्षा स्पंज बरा, पण तो ओला करून, फुगू देऊन, टॉवेलमध्ये घट्ट पिळून, चेहऱ्यावर थापटत वापरायला हवा. घासला तर फाउंडेशन सरकते, कोरडा वापरला तर अर्धे तोच पितो. डब्यातला स्पंज दुसऱ्याच महिन्यात नख लागून फाटला, ही तक्रार नोंदवते, जरी स्पंज तीनेक महिन्यांत बदलावा हेच योग्य. ब्रिटनमधील ॲस्टन विद्यापीठाच्या २०१९ सालच्या अभ्यासात वापरातल्या सुमारे नव्वद टक्के प्रसाधनांवर जिवाणू आढळले, आणि त्यांत स्पंजांची अवस्था सर्वांत वाईट होती: त्यांपैकी ९३ टक्के कधी धुतलेच नव्हते. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीचा सल्ला ब्रश दर सात ते दहा दिवसांनी धुवावेत असा आहे. कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू पुरेसा होतो.

धुण्याबाबत एक चूक माझी आणि एक उत्पादकाची. पावडरचा मोठा ब्रश मी धुतल्यावर पेल्यात उभा ठेवून वाळवला. पाणी खाली धातूच्या पट्टीत उतरले, आतला गोंद सुटला आणि एके सकाळी ब्रशचे मुंडके अलगद माझ्या हातात आले. धुताना तंतू खालच्या दिशेने धरावेत आणि वाळवताना ब्रश टेबलाच्या कडेवर आडवा, तंतू बाहेर लोंबतील असा ठेवावा, हे मी नंतर शिकले. शिरांचा हिशेब सांगायला संपूर्ण पान खर्चणाऱ्यांना या दोन ओळींसाठी कुठेही जागा मिळाली नव्हती.

प्लकरची टोके उजेडासमोर धरल्यास फटीविना जुळतात, म्हणजे तो चांगला आहे. कर्लरची कमान माझ्या डोळ्यांसाठी फार सपाट पडते आणि कोपऱ्यात कातडी चिमटीत येते. त्याची जादा रबरी पट्टीही दिलेली नाही. कर्लर नेहमी मस्काऱ्याच्या आधी वापरावा, नंतर वापरल्यास पापण्या चिकटून तुटतात.

हे पाचही ब्रश सुटेही मिळतात, हे मला डबा घेऊन झाल्यावर कळले. त्यांतला तिरका आणि मिसळण्याचा, हे दोन ब्रश डोळे झाकून घ्यावेत. ब्लशचा घेण्यापूर्वी तो आपल्या गालाच्या उंचवट्याहून रुंद नाही ना, एवढे पाहावे. फाउंडेशन मात्र पत्रिकेवरून मागवू नये. नमुन्याच्या लहान पुड्या मागितल्यावर मिळतात, मात्र पत्रिकेत त्यांचा उल्लेख नाही.