एमबीटीआय की बिग फाइव्ह? स्वभावाची चाचणी निवडताना

कंपनीच्या प्रशिक्षणात चार अक्षरांचा शिक्का मिळतो, समुपदेशक पाच पट्ट्यांचा आलेख हातात ठेवतो आणि पालकसभेत कुणीतरी बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव सांगायला तयार असतो. तिघेही याला ‘पर्सनॅलिटी टेस्ट’च म्हणतात. तिसऱ्याचा निकाल आधी लावून टाकू. डीएमआयटी या नावाने विकल्या जाणाऱ्या ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही तसे स्पष्ट सांगितले आहे. ते पैसे वाचवा. खरा प्रश्न पहिल्या दोघांतल्या निवडीचा आहे.

चार अक्षरांचा शिक्का देते ती एमबीटीआय, म्हणजे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या 1921च्या ग्रंथातल्या कल्पना घेऊन कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी ती अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडवली. दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, असे टीकाकार आवर्जून सांगतात. मला तो मुद्दा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. अडचण मोजण्याच्या रीतीत आहे. अंतर्मुख की बहिर्मुख, विचाराने चालणारा की भावनेने, अशा चार जोड्या. प्रत्येकीतून एक बाजू निवडायची, तिचे एक अक्षर मिळते आणि चार अक्षरांतून 16 प्रकार.

समजा एका जोडीवर 21 प्रश्न आहेत. एकाची 11 उत्तरे बहिर्मुख बाजूला, दुसऱ्याची 10, तिसऱ्याची 20. पहिला आणि तिसरा एकाच गटात जातात, दुसरा विरुद्ध गटात; प्रत्यक्षात पहिले दोघे जवळजवळ सारखेच आहेत. उंची मोजून लोकांना फक्त ‘उंच’ आणि ‘बुटके’ अशा दोनच रांगांत उभे करण्यासारखे हे झाले. बहुतेक माणसे मधल्या पट्ट्यातच असतात, त्यामुळे एखाददुसरे उत्तर बदलले तरी अक्षर बदलते. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा ‘प्रकार’ बदललेला निघतो, तो यामुळेच.

पाच पट्ट्यांचा आलेख देते ती बिग फाइव्ह. तिचा प्रवास उलट दिशेने झाला. इथे सिद्धांत आधी नव्हता, शब्द होते. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी 1936मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे 18,000 शब्द वेचले. पुढच्या संशोधकांनी ती यादी छाटली, लोकांना एकमेकांचे गुणांकन करायला लावले आणि कोणते शब्द जोडीने येतात ते पाहिले. ज्याला ‘वक्तशीर’ म्हटले जाते त्याला बहुधा ‘नीटनेटका’ही म्हटले जाते, मग दोन्हींच्या मुळाशी एकच गुण असावा. घटक विश्लेषण म्हणतात ते साधारण हेच. अमेरिकी हवाई दलासाठी ट्यूप्स आणि क्रिस्टल यांनी 1961मध्ये वेगवेगळे नमुने तपासले, तेव्हा पुन्हा पुन्हा पाचच गठ्ठे हाती लागले: नव्या अनुभवांविषयी खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. इथे शिक्का मिळत नाही, प्रत्येक पट्टीवर तुम्ही कुठे आहात एवढेच कळते.

मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी 1989मध्ये दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या. एमबीटीआयच्या चार जोड्या बिग फाइव्हच्या चार गुणांशी बऱ्यापैकी जुळल्या. उरली भावनिक अस्थिरता. एमबीटीआयमध्ये तिला जागाच नाही. काळजी, चिडचिड, ताणाखाली कोसळणे हे सगळे वगळल्यावर अहवाल गोड वाटणारच. मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 1948मध्ये 39 विद्यार्थ्यांना ‘खास तुमचे’ म्हणून एकच वर्णन दिले होते, मजकूर राशिभविष्याच्या पुस्तकातला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले! तेव्हा ‘अगदी माझेच वर्णन!’ हा चाचणी खरी असल्याचा पुरावा धरू नका. (आणि चार अक्षरांना पाचवे जोडून देणारी 16पर्सनॅलिटीज ही लोकप्रिय फुकट साइट मूळ एमबीटीआय नव्हेच.)

म्हणून बिग फाइव्ह निर्दोष ठरते असे नाही. उत्तरे तुमचीच असतात, आणि नोकरीसाठी भरताना ‘मी कामे वेळेवर करतो’ला नकार कोण देईल? अहवालातला ‘70वा शतमक’, म्हणजे शंभरातल्या 70 जणांच्या पुढे, हा कुणाच्या तुलनेत, हेही विचारा. तुलनेचा नमुना अमेरिकी असेल तर सोलापुरातल्या उमेदवाराला त्या आकड्याचा उपयोग बेताचाच. बोलिव्हियातल्या त्सिमाने समाजात 2013च्या अभ्यासात हे पाच गठ्ठे नीट निघालेच नाहीत. नोकरीतल्या कामगिरीशी सगळ्यात सातत्याने जुळणारा गुण कर्तव्यदक्षता, पण तो संबंधही माफक आहे.

मग निवड कशी करायची? टीममध्ये गप्पांना तोंड फुटावे एवढाच हेतू असेल तर एमबीटीआय खुशाल वापरा. नोकरभरतीत मात्र नको. ती त्यासाठी नाही, हे चाचणीमागच्या संस्थाही सांगतात. पैसे हाताळणाऱ्या पदासाठी माणूस पारखायचा असेल तर हेक्साको ही सहा गुणांची चाचणी पाहा, त्यात प्रामाणिकपणा-नम्रता हा सहावा गुण आहे. मनाचा त्रास असेल तर यांपैकी काहीच नको, थेट चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जा. तिथे गरजेनुसार एमएमपीआयसारखी, मानसिक त्रासाची लक्षणे तपासणारी चाचणी घेतात. तिच्या 1989च्या आवृत्तीत 567 विधाने आहेत, आणि उत्तरे सजवून दिली आहेत का हे तपासणाऱ्या वेगळ्या पट्ट्याही.

स्वतःला समजून घ्यायचे असेल तर माझा कौल बिग फाइव्हला. आयपीआयपी हा विधानांचा संच सर्वांसाठी मोफत खुला आहे आणि त्यातली बिग फाइव्ह मोजणारी 120 विधानांची आवृत्ती पुरेशी आहे. ती एकट्याने भरून थांबू नका. तुम्हाला रोज पाहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला तुमच्याबद्दल तीच विधाने भरायला सांगा, कारण कामाच्या बाबतीत इतरांनी केलेले गुणांकन स्वतःच्या गुणांकनापेक्षा अधिक बरोबर ठरते असे दिसले आहे. फक्त तो भरत असताना समोर बसू नका.