नॉर्डिक कंबाइंड: प्रक्षेपणाचे पूर्ण चित्रण

बीजिंग येथील 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमधील पुरुषांच्या नॉर्डिक कंबाइंड स्पर्धेचे (मोठ्या टेकडीवरील उडी आणि 10 किलोमीटर स्कीइंग शर्यत) संपूर्ण चित्रण एका सशुल्क क्रीडावाहिनीच्या संग्रहात पाहिले. चित्रीकरण उत्तम आहे. उडी घेणारा खेळाडू हवेत पुढे झुकतो तो क्षण इतका स्पष्ट दिसतो की स्कीच्या टोकांची थरथरही नजरेतून सुटत नाही.

समालोचनाबाबत मात्र तक्रार आहे. उडीतील 15 गुणांची पिछाडी म्हणजे शर्यतीच्या प्रारंभी एक मिनिटाचा विलंब, हा गुंडरसन पद्धतीचा साधा नियम अखेरपर्यंत कोणी सांगितला नाही. आघाडीचा खेळाडू प्रथम निघतो आणि जो आधी पोहोचतो तोच विजेता ठरतो, हे ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला शर्यतीतील रंगत कळणार कशी?

आणि रंगत तर विलक्षण होती. नॉर्वेचा यार्ल माग्नुस रीबर विलगीकरणातून थेट स्पर्धेत उतरला, उडीनंतर 44 सेकंदांनी आघाडीवर राहिला आणि पहिल्या फेरीच्या शेवटी चुकीच्या मार्गिकेत वळून अखेर आठवा आला. दोन मिनिटांहून अधिक मागून निघालेल्या त्याच्याच देशाच्या योर्गेन ग्राबाकने सुवर्णपदक जिंकले, तर नॉर्वेचाच ऑफ्तेब्रो आणि जपानचा वाताबे एका सेकंदाच्या आत त्याच्या पाठोपाठ पोहोचले. रीबरच्या चुकीचे पुनर्दृश्य वेगवेगळ्या कोनांतून दाखवायला हवे होते. तरीही केवळ शेवटच्या किलोमीटरसाठी मी वर्गणीचे पैसे वसूल झाले असे मानतो.